बोटीखालचं पाणी

‘वितळायच्या आत एकदा बघून घेऊ’ हे वाक्य आता लातूरच्या औसा रोडवर आणि नांदेडच्या वजिराबादेतही ऐकू येतं. मुलगा-सून ऑकलंडला किंवा सिएटलला असतात, आईवडील सहा महिन्यांसाठी जाऊन येतात आणि येताना फोनमध्ये एक व्हिडिओ घेऊन येतात: नारिंगी लाइफ जॅकेट, दुधट राखाडी पाणी, समोर निळसर पांढरा कडा. ज्यांचं कुणी तिकडे नाही त्यांच्यासाठी ग्रुप टूरच्या अलास्का-आइसलँडच्या जाहिराती आहेतच. कुणी हौसेने जावं याला माझी ना नाही. पण या सहलींना आता एक वैचारिक झालर लागली आहे. हिमनदी जवळून पाहिली की हवामानबदल म्हणजे काय ते कळतं, असं चांगली शिकलेली माणसं गंभीरपणे सांगतात.

मला हा समज उथळ वाटतो. बोटीतला माणूस ज्या कोसळणाऱ्या बर्फाकडे टक लावून बघतो, त्यातून हिमनदीचा ऱ्हास सिद्ध होत नाही. तो सिद्ध होतो बोट ज्यावर तरंगते त्या पाण्यातून, आणि तिकडे कुणी बघत नाही. हिमनदी समजायला आधी जमाखर्चाची वही उघडावी लागते. ती वही वाचायची सवय मराठवाड्याच्या माणसाला इतरांपेक्षा जास्त आहे. मात्र तिचं शेवटचं पान त्यालाही वाचता येत नाही.

टाळ्या कशाला पडतात

लातूरच्या एका निवृत्त गुरुजींनी मला त्यांचा व्हिडिओ दाखवला. जेमतेम पाऊण मिनिटाचा. बराच वेळ काहीच होत नाही. मग कड्याचा एक पापुद्रा सुटतो, आवाज मागाहून येतो, पाणी उसळतं आणि बोटीवर टाळ्या पडतात. त्या गलक्यात गुरुजींचा स्वतःचा आवाज, ‘गेलं बघा, गेलं!’ मग मला म्हणाले, ‘डोळ्यांदेखत संपत चाललंय हो.’

डोळ्यांदेखत जे झालं ते हिमनदी निरोगी असतानाही होतं. डोंगरमाथ्यावर पडलेला बर्फ वर्षानुवर्षं दबत, घट्ट होत खाली सरकतो. ज्या हिमनदीचं टोक पाण्यात असतं, तिथे पुढे आलेला भाग तुटून पडतो. हा तिच्या खर्चाचा नेहमीचा मार्ग आहे. अर्जेंटिनातली पेरितो मोरेनो अनेक दशकं जवळपास जागच्या जागी होती, न वाढली न घटली. त्या सगळ्या काळात तिचे कडे कोसळतच होते आणि पर्यटक ते बघायला जातच होते. म्हणजे तोच धडाका, त्याच टाळ्या, पण ऱ्हास नाही. एखाद्या घरातून रोज पैसा बाहेर जातो एवढं पाहून ते घर बुडतंय असं म्हणता येत नाही. आत किती येतो तेही बघावं लागतं. वर किती बर्फ पडला हा प्रश्न बोटीतून सुटत नाही, कारण जमेची बाजू कित्येक किलोमीटर मागे, ढगांत असते.

दुसरी एक गोष्ट. हवा बदलली की हिमनदी लगेच उत्तर देत नाही. मोठ्या हिमनदीला सावकाश, दशकांच्या मापाने उत्तर द्यायची सवय असते. त्यामुळे आज तिची कड जिथे दिसते ती आजच्या हवेची साक्ष नसते, मागच्या पिढीच्या हवेची असते. आणि ‘जवळून’ हा शब्द तरी कितपत खरा आहे? कडा कधी सुटेल याचा नेम नसल्याने बोटी शेकडो मीटर लांब थांबतात. जवळून पाहिलं असं आपण म्हणतो ते झूम करून पाहिलेलं असतं.

तळं कुठून आलं

आता नजर कड्यावरून काढून खाली आणू.

न्यूझीलंडची तस्मान हिमनदी घ्या. १९७३ मध्ये तिच्या पायथ्याशी तळं नव्हतं. जिथे आज बोटी फिरतात तिथे दगडमातीने झाकलेला बर्फ होता. २००८ पर्यंत त्याच जागी सुमारे ७ किलोमीटर लांब, २ किलोमीटर रुंद आणि २४५ मीटर खोल पाणी साठलं. आइसलँडमधलं योकुलसारलोन हे जगातलं बहुधा सर्वांत जास्त फोटो निघालेलं हिमतळं. तेही १९३० च्या दशकात हिमनदी मागे हटू लागल्यावर तयार झालं, आणि १९८५ पासून तिथे बोटी चालतात. अलास्कातल्या पोर्टेज हिमनदीची गोष्ट तर जवळजवळ विनोदी आहे. ती बघता यावी म्हणून तळ्याकाठी मोठ्या काचांचं पर्यटक केंद्र बांधलं, ते १९८६ मध्ये उघडलं. काही वर्षांतच हिमनदी डोंगराच्या वळणाआड गेली. केंद्र आहे तिथेच आहे, काचाही आहेत, पण हिमनदी बघायची तर आता बोटीत बसून जावं लागतं.

थोडक्यात, बोटीची सहल ही सोयच मुळी माघारीने निर्माण केलेली आहे. बर्फ गेला, खड्डा उरला, खड्ड्यात पाणी साठलं, पाण्यावर धंदा उभा राहिला. यात त्या बोटवाल्यांचा दोष नाही. पण ‘वितळायच्या आत बघू’ म्हणणाऱ्याने हे ओळखावं, की तो वितळण्याच्या आत आलेला नाही. तो वितळलेल्यावर बसून आला आहे.

अशीच तळी हिमालयातही आहेत. फक्त तिथे बोटी नाहीत आणि खाली वस्ती आहे. केदारनाथच्या वर चोराबारी तळं होतं. १६-१७ जून २०१३ ला ते फुटलं आणि खाली काय झालं ते महाराष्ट्रातल्या यात्रेकरूंनीही भोगलं. सिक्कीममधलं दक्षिण ल्होनाक तळं ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री फुटलं आणि चुंगथांगचं १२०० मेगावॉट प्रकल्पाचं धरण वाहून गेलं. आइसलँडचं रम्य तळं आणि सिक्कीमचं जीवघेणं तळं, दोन्ही जन्माने एकाच घराण्यातली. तेव्हा ‘तळं किती सुंदर’ हे वाक्य तळ्याबद्दल फारसं काही सांगत नाही. आपण त्याच्या वर उभे आहोत की खाली राहतो, एवढंच सांगतं.

दलघमीत मोजलेली हिमनदी

आपल्याकडे पाण्याचं एकक लहान पोरालाही ठाऊक असतं. जून कोरडा गेला की वर्तमानपत्रात रोज चौकट येते: मांजरा इतके टक्के, विष्णुपुरी इतके, जायकवाडी इतके, आणि खाली बारीक अक्षरांत ‘मृतसाठा’. मांजरा प्रकल्पाची एकूण क्षमता सुमारे २२४ दलघमी, त्यातला उपयुक्त साठा १७७ च्या आसपास आणि ४७ मृत. विष्णुपुरीचा उपयुक्त साठा ८१ दलघमीच्या जवळ. पुण्या-मुंबईच्या वाचकाला दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर हे उलगडून सांगावं लागतं. आपल्याला लागत नाही.

मग हेच एकक हिमनदीला लावू. २२ फेब्रुवारी २०११ ला न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चला भूकंप झाला. त्या हादऱ्याने सुमारे २०० किलोमीटर लांबच्या तस्मान हिमनदीचा अंदाजे ३ कोटी टन बर्फ तळ्यात कोसळला आणि साडेतीन मीटरपर्यंतच्या लाटांनी पर्यटकांच्या बोटी अर्धा तास हेलकावत राहिल्या. एका टनाचं पाणी एक घनमीटर. म्हणजे ३० दलघमी. मांजराच्या उपयुक्त साठ्याचा सहावा हिस्सा एका दणक्यात. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला येणारी पाणीगाडी ५० डब्यांची झाली तेव्हा एका खेपेला सुमारे २५ लाख लिटर आणत होती. त्या हिशेबाने हा एकटा तुकडा १२,००० खेपांचा.

आणि जगभरचा हिशेब? २००० ते २०२३ या काळात जगातल्या हिमनद्यांनी दरवर्षी सरासरी २७३ अब्ज टन बर्फ गमावला. हा तोटा निव्वळ आहे, जमा वजा करून उरलेला. जायकवाडीची एकूण क्षमता २,९०९ दलघमी. भागाकार केला तर वर्षाला जवळपास ९४ जायकवाड्या. पैठणच्या भिंतीवर उभं राहून पलीकडचा काठ शोधलेल्या माणसाला या आकड्याने पोटात खड्डा पडायला हवा. बोटीतून इतकं काही दिसत नाही. तिथे एक कडा दिसतो, तोही अर्धा धुक्यात.

धरणाची उपमा जिथे तुटते

इथपर्यंत मराठवाड्याची नजर कामाला आली. आता तीच नजर दगा देते, आणि माझ्या मते या विषयातली खरी अडचण इथे आहे.

लातूरचं २०१६ आठवा. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लागली. धनेगावला मांजराच्या जलाशयाचा तळ उघडा पडला, चिखलाच्या भेगांत हात जात होता. १२ एप्रिलला कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी रेल्वेने गोदावरीच्या खोऱ्यात आलं. पहिल्या गाडीला दहा डबे, पाच लाख लिटर. शहर पाच लाखांच्या घरातलं, म्हणजे माणशी एक लिटर. पुढे गाडी ५० डब्यांची झाली तेव्हा माणशी पाच. देशभरचे कॅमेरे आले, गाडीला हार-फलक लागले, दुष्काळ पाहणीतली एक सेल्फी बरीच गाजली. आणि मग? त्याच वर्षी परतीच्या पावसात मांजरा भरलं. दारं उघडावी लागली. ज्या पात्रात एप्रिलमध्ये पोरं क्रिकेट खेळत होती तिथे ऑक्टोबरात पाणी मावत नव्हतं.

या अनुभवाने आपल्याला एक गोष्ट फार खोलवर शिकवली आहे: येतं परत. यंदा नाही तर पुढच्या साली. आपली सगळी सहनशक्ती, कर्जाचं पुनर्गठन, लांबणीवर टाकलेली लग्नं, याच भरवशावर उभी आहे. पावसाच्या प्रदेशात हा भरवसा चुकीचाही नाही. धरण ही सालाबादची वही आहे. जूनमध्ये नवं पान सुरू होतं.

हिमनदीला नवं पान नाही. तिथला एक मीटर जाडीचा बर्फ दाबून तयार व्हायला कित्येक हिवाळे लागतात आणि तो जायला एक-दोन उन्हाळे पुरतात. चांगल्या वर्षी पडलेला बर्फ तोटा थोडा कमी करतो, मागची थकबाकी फेडत नाही. आपल्या अनुभवात तिच्याशी जुळणारी गोष्ट शोधायची तर ती धरणात सापडणार नाही, बोअरमध्ये सापडेल.

मांजरा पट्ट्यात ऊस पसरला त्या वर्षांत विहिरी आटल्या तरी पाणी वाढल्यासारखंच वाटत होतं. दोनशे फुटांवरून चारशेवर, चारशेवरून सात-आठशेवर. प्रत्येक नव्या बोअरला फवारा उडाला की नारळ फुटायचा. काळ्या पाषाणाच्या फटींत फार पूर्वी मुरलेलं ते पाणी एका पावसाळ्यात भरून निघणारं नव्हतं. आपण मुद्दल उपसत होतो आणि त्याला व्याज समजत होतो. शिवारात हिरवं दिसत होतं म्हणून कुणी विचारलं नाही.

हिमनद्यांच्या पाण्यावर चालणाऱ्या नद्यांचं नेमकं हेच होतं. बर्फ झपाट्याने वितळू लागला की सुरुवातीला नदीचं पाणी वाढतं. उन्हाळ्यात कालवे भरभरून वाहतात, वीज जास्त निघते. एका टप्प्यानंतर वितळायला बर्फच कमी उरतो आणि पाणी उतरणीला लागतं. हिमालयातल्या बऱ्याच खोऱ्यांत हा टप्पा या शतकाच्या मध्याच्या आसपास येईल असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तोवर जे वाढलेलं पाणी दिसेल ते सात-आठशे फुटांच्या बोअरचा फवारा आहे. त्याच्यासमोर उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्या माणसाला मी वेडा म्हणणार नाही. आपण सगळ्यांनी त्या वाजवल्या आहेत.

‘आपल्या नद्यांना बर्फाशी काय?’

पहिला आक्षेप रोखठोक आहे आणि भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणे बरोबर आहे. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगवते, मांजरा बालाघाटात. दोन्ही पावसाच्या पोरी. हिमालयातला सगळा बर्फ गेला तरी नांदेडच्या घाटावरचं पाणी त्यामुळे एक इंचही उतरणार नाही. मग आपण कशाला हळहळायचं?

याला एक जुनं उत्तर आहे. हेन्री ब्लॅनफर्ड नावाचा इंग्रज १८५० च्या दशकात भूशास्त्रज्ञ म्हणून भारतात आला, पुढे १८७५ मध्ये स्थापन झालेल्या हवामान खात्याचा पहिला प्रमुख झाला. १८७६-७८ च्या महादुष्काळानंतर सरकारला मान्सूनचा अंदाज आधी हवा होता. ब्लॅनफर्डने १८८४ मध्ये मांडलं, की हिमालयात वसंतात बर्फ जास्त आणि उशिरापर्यंत राहिला तर मैदानात पाऊस कमी पडतो. भारतातले पहिले दीर्घ मुदतीचे अंदाज याच आधारावर दिले गेले. पुढे हे नातं त्याने मांडलं तितकं सरळ नाही, दरसाल सारखंही नाही असं दिसून आलं. ताजा बर्फ आणि हिमनदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही खरं. तेव्हा ‘हिमनद्या गेल्या की मराठवाड्यात दुष्काळ’ असलं सोपं वाक्य मी लिहिणार नाही. तेही तितकंच उथळ होईल. पण ‘आपला पाऊस आपला, त्यांचा बर्फ त्यांचा’ ही वाटणी हवेला मान्य नाही, एवढं जवळपास दीडशे वर्षांपूर्वीच कळलं होतं. शिवाय नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरला बसणारा माणूस पंजाबातून येतो, आणि त्याच्या शेताला पाणी देणाऱ्या सतलज-बियास बर्फातूनच येतात. त्याची वही ती आपली नव्हे असं म्हणायचं असेल तर मिरजकरांनी २०१६ मध्ये आपल्याला काय म्हणायला हवं होतं?

‘पाहिल्याशिवाय कळवळा येत नाही’

हा आक्षेप जास्त वजनदार आहे. माणूस आकड्यांनी हलत नाही, दृश्याने हलतो. लोक हिमनदी बघतील, हळहळतील, घरी येऊन काही करतील.

हलतो, कबूल. पण कुठल्या दिशेने? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात किल्लारी पडली. मदतीला माणसं धावली, आणि त्यांच्या मागोमाग बघेही आले. जीप भरून, मोटारसायकलवर तिघं-तिघं. ढिगारे जवळून बघायला आलेल्यांची ती गर्दी आमच्या भागातल्या जुन्या माणसांना अजून आठवते, आणि तिच्याविषयी कुणी चांगलं बोलत नाही. त्या बघ्यांनाही वाईट वाटलंच असेल. वाईट वाटणं खोटं नव्हतं, ते फक्त कामाचं नव्हतं. कामाची ठरली ती नंतरची रुक्ष माहिती: दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरची माळवदं माणसांच्या अंगावर का आली, घर कसं बांधायला हवं. ढिगारा कितीही जवळून बघितला तरी त्यातून हे आपोआप कळत नाही.

दृश्याला माझा विरोध नाही, बिनहिशेबी दृश्याला आहे. ज्याने वही वाचली आहे त्याला कड्यासमोर उभं राहून जे दिसेल ते न वाचलेल्याला दिसणार नाही. त्यामुळे ‘आधी पाहू, मग समजेल’ हा क्रम उलटा आहे.

विमानाच्या धुराचं काय?

यावर फार थांबत नाही. एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेला की कालांतराने सुमारे पंधरा किलो हिमनदी-बर्फ कमी होतो, असा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. न्यूझीलंडच्या फेरीला हे गणित लावलं तर आकडा लाजिरवाणा येतो. पण आयुष्यभर मास्तरकी करून साठीत एकदा विमानात बसलेल्या माणसाला त्यावरून गुन्हेगार ठरवणं मला पटत नाही. दर महिन्याला दिल्ली-मुंबई करणारे त्याला उपदेश करतात तेव्हा तर मुळीच नाही. माझी तक्रार तो गेला याबद्दल नाही. इतकं लांब जाऊन तो काय न बघता आला, याबद्दल आहे.

पैनगंगेकाठची हिमनदी

खरं तर हिमनदीचा एक पुरावा आपल्या उंबऱ्यावर आहे आणि तो बघायला बोट लागत नाही. सहस्रकुंडाला धबाबा कोसळणारी पैनगंगा नांदेडची हद्द सोडून पुढे चंद्रपूर जिल्ह्यात वर्धेला मिळते. त्या खोऱ्यात इरई गावाजवळ जुन्या चुनखडीच्या खडकावर समांतर ओरखडे आहेत, घासून गुळगुळीत झालेल्या फरशीवर कुणी खिळे ओढावेत तसे. या चुनखडीला भूशास्त्रात पैनगंगेचंच नाव आहे. फेडन नावाच्या भूशास्त्रज्ञाने १८७५ मध्ये त्या ओरखड्यांची नोंद केली. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हा भूभाग दक्षिण ध्रुवाच्या जवळ होता आणि त्याच्यावरून हिमनदी सरकत गेली, पोटात दगड घेऊन. अशाच बर्फाने आणून टाकलेले गोटे त्याआधी १८५६ मध्ये ओडिशातल्या तालचेरला ओळखले गेले होते, आणि ओळखणाऱ्यांत हेन्री ब्लॅनफर्ड होता. तोच, पुढे हिमालयाचा बर्फ आणि मान्सून जोडू पाहणारा.

‘म्हणजे हिमनद्या पूर्वीही गेल्याच की, आपण कशाला घाबरायचं?’ असा शेवटचा आक्षेप इथून निघतो. गेल्या, पण त्या जाण्याला लाखो वर्षं लागली, आणि तेव्हा खाली गावं, कालवे, वीजघरं नव्हती. दुसरं असं, की हिमनदीने टाकलेल्या त्या थरांच्या वर वर्धा खोऱ्यात कोळशाचे थर साठले. तोच कोळसा आज चंद्रपूरला जळतो आणि त्याचा धूर आजच्या हिमनद्यांच्या खर्चाच्या बाजूला मांडला जातो. जुन्या हिमनदीच्या अंथरुणावर साठलेलं इंधन नव्या हिमनदीला वितळवतं आहे. हा योगायोग मला कुठल्याही कोसळणाऱ्या कड्यापेक्षा जास्त अस्वस्थ करतो.

तरीही जायचं असेल तर खुशाल जा. लाइफ जॅकेट घाला, फोटो काढा. फक्त बोट तळ्याच्या मध्यावर थांबली की बोटवाल्याला एक प्रश्न विचारा: मी जन्मलो त्या वर्षी बर्फ कुठे होता? त्यांच्यातल्या जाणत्यांना ते सांगता येतं. तुमचा जन्म १९७३ चा किंवा त्याआधीचा असेल आणि तळं तस्मानचं असेल, तर तो लांब कुठे हात करणार नाही. त्याला बोटीखालीच बोट दाखवावं लागेल.